आधी भिंत, मग टाइल

बाथरूम नव्यानं करायची ठरली की घरातली माणसं सगळ्यात आधी टाइलच्या दुकानात जातात. पहिली चूक तिथेच होते. दुकानात भिंत मिळत नाही. तिथे मिळतो भिंतीवरचा शेवटचा थर, जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या रंगावरून घरात वाद होतात, पुण्याहून नागपूरला फोटो जातात, आत्याचं आणि मामाचंही मत घेतलं जातं. आणि त्या थरामागे काय असायला हवं हे ठरवायचं काम मात्र, ज्यानं सगळ्यात कमी भाव सांगितला त्या माणसावर सोडून दिलं जातं.

खालच्या मजल्यावरचं छत ओलं होतं ते टाइलचा रंग चुकला म्हणून नव्हे.

बाथरूमच्या बजेटमधला पहिला रुपया प्लास्टरला, दुसरा वॉटरप्रूफिंगला, तिसरा टाइल चिकटवायच्या मालाला द्यावा आणि उरेल त्यात टाइल घ्यावी. आज हा क्रम घराघरांत उलटा लागलेला आहे. इटालियन नावाची टाइल परवडते आणि वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात परवडत नाही, हे ऐकलं की मला राग येतो. कारण त्या घरात राहणाऱ्यांना आणि त्यांच्या खालच्यांनाही पुढची दहा वर्षं त्याची किंमत मोजावी लागते.

आधी प्लास्टर. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर असतं. गुळगुळीत होतं, लवकर होतं, पाणी मारत बसावं लागत नाही. बेडरूमला ते ठीक. पण जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं आणि सतत ओलं राहिलं की मऊ पडतं. बाथरूममध्ये ते कुठेच नको, टाइलच्या मागे तर नकोच नको. बेडरूमचा कोपरा तोडून जिथे दुसरी बाथरूम काढली जाते, तिथे हे हमखास होतं: तीन भिंती नव्या, चौथी जुनी जिप्समची, आणि तिच्यावरच टाइल चढते. तसं करू नका. जिप्सम विटेपर्यंत खरवडून काढा आणि सिमेंट-वाळूचं प्लास्टर करून घ्या. भिंत सिपोरेक्स ब्लॉकची असली तर जास्तच काळजी घ्या, कारण तो ब्लॉक पाणी ओढतो.

प्लास्टरला निदान सात दिवस पाणी द्यावं लागतं. हे सांगितलं की घरातल्यांचे चेहरे उतरतात, आणि त्यांचं चुकत नाही. घरात एकच बाथरूम असेल तर सात दिवस शेजाऱ्यांकडे बादली घेऊन कसं जायचं? कंत्राटदार याच अडचणीवर बोट ठेवतो: ‘पाच दिवसांत हातात देतो.’ तोडफोड, नळजोडणी, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल आणि जोड भरणं हे सगळं पाच दिवसांत नीट होत नाही. होतं असं जो म्हणतो, तो यातलं काहीतरी गाळणार आहे, आणि जे गाळेल ते टाइलखाली झाकलं जाणार आहे. त्यामुळे आंघोळीची सोय आधी लावा. सोसायटीत कोणाचा फ्लॅट बंद असेल तर किल्ली मागा, मुलांना सुट्टीत आजोळी धाडा. हातोडा त्यानंतर.

आता वॉटरप्रूफिंग. आपल्याकडे ते फक्त जमिनीचं करायचं असतं असा समज आहे. जमिनीला कोबा घालतात, पाणी साठवून बघतात, खालच्या घरात थेंब पडला नाही की काम झालं. ही चाचणी हवीच, आणि तीही निदान २४ तास पाणी तुंबवून. पण बाथरूमचं पाणी फक्त जमिनीवर पडत नाही. आपण बादली-तांब्यानं आंघोळ करणारी माणसं. तांब्याचं पाणी चारी भिंतींवर तीन-चार फुटांपर्यंत उडतं, शॉवर असेल तर सहा-सात फुटांपर्यंत. टाइलमधून ते आत जात नाही, जोडांतून जातं. जोडामागे कोरडं प्लास्टर बसलेलंच असतं, ते पाणी पितं. मग बाथरूमच्या पलीकडच्या बेडरूममध्ये कपाटाच्या मागे पोपडे येतात आणि लोक रंगाऱ्याला बोलावतात.

पॉलिमर आणि सिमेंटचं मिश्रण असलेलं कोटिंग मिळतं. त्याचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा. जमिनीवरून भिंतीवर निदान फूटभर, आणि जिथे पाणी उडतं तिथे सहा-सात फुटांपर्यंत. जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात आधी वाटा करून घ्यायचा, म्हणजे माल गोलाकार भरायचा; काटकोनी कोपऱ्यात कोटिंग तडकतं. नळ जिथून भिंतीतून बाहेर येतो तिथे आणि नहाणी ट्रॅपच्या कडेनं हात नीट फिरला की नाही हे स्वतः वाकून बघा. गळती बहुतेकदा या दोन जागांतून सुरू होते. आणि कोटिंगच्या आधी भिंतीतल्या पाइपांची प्रेशर टेस्ट. ती न करता टाइल लावू देणारा घरमालक स्वतःच्या पैशांशी खेळतो आहे.

हा खर्च कुणी करायचा यावर सोसायट्यांमध्ये भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची वाटणी लिहिलेली आहे: पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेनं दुरुस्त करायची, संडास-सिंक वगैरेंची आतली गळती त्या त्या सभासदानं. म्हणजे खालच्या काकूंच्या देवघरावर पाणी टपकत असेल तर ते थांबवणं तुमचं काम आहे. ‘कमिटीला सांगा’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता टाइल. इथे दुकानदार ज्या जोमानं व्हिट्रिफाइड टाइल भिंतीसाठी गळ्यात मारतो, तो थांबवायला हवा.

देशातल्या बहुतेक टाइल गुजरातमधल्या मोरबीत बनतात, आणि भिंतीसाठी त्यात मुख्य दोन जाती. साधी सिरॅमिक टाइल: वरून काचेसारखा ग्लेझ, मागे सच्छिद्र भाजलेली माती, जी आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. दुसरी व्हिट्रिफाइड: जास्त तापमानावर भाजून इतकी घट्ट केलेली की तिची शोषणक्षमता अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ऐकताना दुसरी सरस वाटते. दुकानदारही तेवढंच सांगतो: ‘ही पाणी पीत नाही.’ पण भिंतीवर पाणी टाइलच्या तोंडावर पडतं, आणि दोन्हींच्या तोंडातून ते आत जात नाही. भिंतीला चिकटते ती पाठ. सिरॅमिकची पाठ पाणी ओढते, त्याबरोबर सिमेंट तिच्या छिद्रांत शिरतं आणि घट्ट धरतं. म्हणून जुने मिस्त्री टाइल आधी पिंपात भिजत घालायचे, कोरडी टाइल मालातलं सगळं पाणी ओढून घेऊ नये म्हणून. व्हिट्रिफाइडच्या पाठीला छिद्रंच नाहीत, सिमेंटनं धरायचं काय? ती सिमेंटच्या घोळानं लावली की काही महिन्यांत, काही वर्षांत सुटते. तिला ॲडहेसिव्हच लागतं.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं असेल तर टाइल पालथी करा आणि पाठीवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरला तर सिरॅमिक, तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड.

नेहमीच्या घराच्या बाथरूमच्या भिंतीसाठी माझं मत स्पष्ट आहे: १२ बाय १८ किंवा १२ बाय २४ इंचांची चांगल्या दर्जाची सिरॅमिक टाइल. हलकी असते, सरळ कापली जाते, नळासाठी भोक पाडताना तडकत नाही. व्हिट्रिफाइड जमिनीवर वापरा, तिथे तिची ताकद कामाची आहे.

आणि दोन बाय चार फुटांच्या त्या अवाढव्य टाइल! पाच बाय सातच्या बाथरूममध्ये त्यांची हौस कशाला? नऊ मिलिमीटर जाडीची अशी एक टाइल साधारण १५ किलोची असते. जुन्या इमारतीतली भिंत ओळंब्यात नसते. सात फुटांत इंचभर बाहेर असणं नवलाचं नाही. लहान टाइल तो फरक हळूहळू पोटात घेते, मोठी घेत नाही. ॲडहेसिव्हचा थर तर तीन-चार मिलिमीटरचा असतो, त्यानं इंचभर खड्डा भरत नाही. योग्य उपाय म्हणजे भिंत ओळंब्यात आणणारं नवं प्लास्टर. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून मिस्त्री मधला मार्ग काढतो: टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार गोळे, मध्ये एक, आणि दाबून दिली भिंतीवर. समोरून सरळ रेषा दिसते, मागे पोकळी राहते. त्या पोकळीत पाणी साठतं, झुरळं राहतात, आणि वरच्या रांगेतली १५ किलोची टाइल पाच गोळ्यांच्या भरवशावर माणसांच्या डोक्यावर लटकत राहते.

हे पकडणं सोपं आहे. टाइल लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाण्यानं प्रत्येक टाइल ठोकून बघा. भरीव भिंतीचा टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द आवाज येतो. बद्द वाजेल तिथे खडूनं फुली मारा आणि ती टाइल काढायला लावा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. मिस्त्री चिडेल, चिडू द्या. ॲडहेसिव्ह दाताळ्या थापीनं भिंतीवर सलग ओढायचं असतं आणि मोठी टाइल असेल तर तिच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा असतो, हे त्यालाही ठाऊक असतं. भाव पाडून काम घेतलं की त्यालाही हात आखडावा लागतो, हा दोष आपला.

हिशेब करून बघा. पाच बाय सातच्या बाथरूमचा घेर २४ फूट. सात फुटांपर्यंत टाइल, दार वजा केलं तर साधारण १५० चौरस फूट. ॲडहेसिव्हची २० किलोची पिशवी सुमारे ४० ते ५० चौरस फुटांना पुरते. म्हणजे चार पिशव्या. चार पिशव्यांसाठी घासाघीस करून भिंत पोकळ ठेवायची?

जोडांचंही तेच. ‘पेपर जॉइंट’ नावाची फॅशन आली आहे, टाइलला टाइल चिकटवून मध्ये फटच ठेवायची नाही. दिसायला भिंत अखंड दिसते. पण फट शून्य कधीच होत नाही. केसाएवढी राहते, तिच्यात भरणी जात नाही आणि पाणी मात्र जातं. दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर लावून फट ठेवा आणि ती व्हाइट सिमेंटनं भरू नका. व्हाइट सिमेंट आकसतं, चिरतं, पाणी पितं, काळं पडतं. त्याऐवजी इपॉक्सी ग्राउट भरा. ते महाग आहे म्हणून लोक मागे सरतात. मग हाही हिशेब करा: १२ बाय २४ च्या ७५ टाइल, सगळे जोड मिळून साधारण २२५ फूट लांब, तीन मिलिमीटर रुंद, आठ मिलिमीटर खोल. हे सगळं मिळून दोन लिटरसुद्धा भरत नाही. बाथरूमच्या चारी भिंतींचं पाणी अडवणारी गोष्ट दोन लिटरच्या आत मावते, आणि काटकसर आपण तिथे करतो.

एक वाईट रिवाज सांगायलाच हवा. काम संपल्यावर टाइलवरचे सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड मारतो. ते ॲसिड डागांबरोबर जोडांतलं सिमेंटही खातं. नव्या बाथरूमची पहिली झीज अशी पहिल्याच दिवशी होते. डाग ओले असतानाच स्पंजानं पुसायला लावा आणि ॲसिडची बाटली घरात येऊ देऊ नका.

ॲसिडवरून दगडाकडे येऊ. संगमरवर, कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुन्याच्या घराण्यातले. आपल्या जुन्या मोऱ्यांना शहाबादी फरशी असायची आणि ती टिकायची, कारण तिच्यावर पाणी आणि राख-मातीखेरीज फारसं काही पडत नव्हतं. आज संडास धुण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याचा शिंतोडा पॉलिश केलेल्या संगमरवरावर उडाला की पांढुरका, खरबरीत डाग कायमचा बसतो. लिंबाचा रससुद्धा पुरतो. ग्रॅनाइटला घरगुती आम्लाचं फारसं काही होत नाही, म्हणून दाराची चौकट आणि बेसिनचा ओटा ग्रॅनाइटचा करणं शहाणपणाचं. संगमरवराची भिंत ज्याला हवी त्यानं ती जरूर करावी, पण रोज ती कोण आणि कशानं धुणार हे आधी ठरवावं.

हाच प्रश्न मला टाइल निवडतानाही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो विचारताना कोणी दिसत नाही. बाथरूमची भिंत घासतं कोण? बहुतेक घरांत आई, बायको किंवा कामाला येणाऱ्या मावशी. टाइल निवडताना त्यांना विचारलंत? खडबडीत, रेघारेघांच्या, दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल फोटोत सुंदर दिसतात. बोअरिंगच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबण मिसळला की चिकट थर तयार होतो आणि तो प्रत्येक रेघेत जाऊन बसतो. काळ्या, गडद निळ्या टाइलवर क्षारांचे पांढरे ओघळ आठवड्याभरात दिसू लागतात. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यावर काळी बाथरूम करणं म्हणजे कुणाला तरी रोज गुडघ्यावर बसवून घासायला लावणं. गुळगुळीत, फिकट रंगाची टाइल घ्या. ओल्या फडक्यानं पुसली की झालं. भिंतीवरून कोणी घसरत नाही. घसरण्याची काळजी जमिनीच्या टाइलची, ती मात्र खरखरीतच हवी. भिंतीची चकचकीत टाइल ‘मॅचिंग’ म्हणून जमिनीवर उतरवू नका. म्हातारी माणसं त्यावर हाडं मोडून घेतात.

परदेशी फोटो बघून आणखी एक गफलत होते. त्या बाथरूममध्ये शॉवर काचेच्या आड असतो, बाकी खोली कोरडी असते. म्हणून तिथे भिंतीला लाकूड चालतं, वॉलपेपर चालतो. आपली सगळी बाथरूम ओली असते आणि धुताना तर छतापर्यंत पाणी जातं. तिथलं साहित्य इथे पावसाळाभरही टिकत नाही.

पीव्हीसीच्या पॅनलांचं सध्या जोरात चाललं आहे. ‘तोडफोड नाही, एका दिवसात नवी भिंत.’ छताला, पाइप झाकायला पॅनल वापरा, तक्रार नाही. पण ओल आलेल्या भिंतीवर पॅनल ठोकणं म्हणजे रोग झाकणं. ओल मागे तशीच वाढते, हवा लागत नाही म्हणून बुरशी धरते, आणि दोन वर्षांनी पॅनल काढलं की प्लास्टर हातात येतं. कोकणात आणि गोव्यात तर बाहेरची भिंत चार महिने पावसात भिजत असते. जांभ्याचा चिरा पाणी ओढतो. बाथरूमची भिंत बाहेरची असेल तर आतून कितीही महागडी टाइल लावा, बाहेरची भेग बुजवल्याशिवाय तिची पाठ ओलीच राहणार. त्या घरांत आधी बाहेरचं काम, मग आतलं.

टाइलच्या वर छतापर्यंत जी भिंत उरते तिला चुना दिला तरी चालतो. चुना अल्कधर्मी असल्यानं बुरशी सहज धरत नाही. बुरशीरोधक रंगही मिळतात. पण खिडकी बंद आणि एक्झॉस्ट पंखा नसेल तर दोन्हींचा उपयोग थोडाच.

घरात वयस्कर माणसं असतील, किंवा होणार असतील, तर धरायचा दांडा कुठे येणार हे टाइल लावण्याआधी ठरवा. पूर्ण माणसाचा भार त्या दांड्यावर येतो. पोकळ टाइलवर तो लावला तर टाइल फुटते, सिपोरेक्सच्या भिंतीत साध्या प्लास्टिकच्या प्लगवर लावला तर उपटून येतो. तेवढ्या जागी वीट किंवा काँक्रीट भरून घ्या. भिंतीतल्या पाइपांचे फोटो टाइल लागण्याआधी काढा, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे भोक पाडताना पाइप फुटणार नाही. आणि एक खोकं टाइल जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी एखादा जोड गळला आणि दोन टाइल फोडाव्या लागल्या तर दुकानात ती शेड मिळणार नाही. खोक्यावर छापलेला बॅच नंबर जपून ठेवला तरीही नाही, कारण कंपनीनं तोवर ते डिझाइनच बंद केलेलं असतं.